नारळाला कारण कशाला हवं?

श्रद्धा आणि प्रथांवरच्या इथल्या चर्चेत एकांनी म्हटलंय, श्रद्धेचं समर्थन करता येत नसेल तर ती सोडून द्यावी. त्यावर बऱ्याच जणांनी प्रथांमागची शास्त्रीय कारणं दिली आहेत. मला दोन्ही पटलं नाही.

नारळी पौर्णिमेचंच घ्या. पावसाळ्यात दर्या खवळलेला, म्हणून होड्या पुन्हा बाहेर काढायला पूर्वजांनी हा मुहूर्त आखून दिला असं सांगतात. असेलही. पण आता मासेमारीबंदी सरकारी आदेशाने ३१ जुलैला संपते. पौर्णिमा उशिरा आली तर यांत्रिक होड्या त्याआधीच बाहेर पडतात. तरी नारळ सोडायला आमच्या बंदरावर अख्खा कोळीवाडा लोटतो. सोनेरी कागदाने मढवलेला नारळ लाटेवर ठेवून गुडघाभर पाण्यात हात जोडून उभी राहिलेली बाई मी दरवर्षी बघतो. तिचा नवरा, मुलगा त्याच पाण्यावर जाणार असतात. तिच्याकडे कारण मागायचा मला काय अधिकार? आणि तिच्या वतीने शास्त्रीय कारण शोधून देणं हा तर तिचा अपमान वाटतो.

कौलाचं, म्हणजे देवाला विचारून होकार-नकार घेण्याचं, मात्र वेगळं. मी स्वतः देवळात कौल घेतो; देवाच्या पाषाणाला लावलेली फुलाची कळी उजवीकडून पडली, म्हणजे होकार मिळाला, की जिवाला बरं वाटतं. पण त्याच कौलावर कुणाचं औषधपाणी थांबणार असेल, एखादं घर वाळीत पडणार असेल, तर तिथे जाब विचारलाच पाहिजे, अगदी देवळाचा मान असलेल्या गावकर-मानकऱ्यांनाही. रायगडातली वाळीत टाकल्याची प्रकरणं आठवा. २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा अशाच घरांसाठी आहे.