मेलोदी आणि शाँसाँ: एकच कविता दोन्हीकडे ऐका

मेलोदी म्हणजे कवितेला चाल लावलेलं फ्रेंच अभिजात गाणं, शाँसाँ म्हणजे फ्रेंच लोकप्रिय गाणं. दोन्हींची गायकी नेमकी कुठे वेगळी होते, हे समजायला एकच कविता पुरते: फ्रेंच कवी व्हेर्लेनची ‘शाँसाँ दोतोन’ (शरदाचं गाणं). संगीतकार रेनाल्दो आननं ती पियानोच्या साथीची मेलोदी म्हणून बांधली, शाँसाँ गायक शार्ल त्रेनेनं १९४१ मध्ये स्विंगच्या, म्हणजे झुलत्या लयीच्या जॅझच्या अंगानं गायली. त्रेनेनं तर शब्दही बदललाय. मुळात व्हायोलिनचे सूर काळजाला ‘ब्लेस’ म्हणजे घायाळ करतात, त्याच्याकडे ‘बेर्स’ म्हणजे जोजवतात. एका शब्दानं कवितेचा सगळा भाव पालटतो!

मग याच कवितेतल्या ‘मोनोतोन’ (एकसुरी) या शब्दाचा शेवट ऐका. बोलताना गळणारा तिथला पुसट ‘अ’ मेलोदीत स्वतंत्र सुरावर, पण अलगद ठेवतात. जोर दिला की ओळ बिघडते. शाँसाँत तो बऱ्याचदा गिळतात. ‘र’ही तपासा: मेलोदीत जिभेच्या टोकाचा, शाँसाँ गायिका एदित पियाफकडे घशातला.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचं डिजिटायझेशन ऐकताना वेगाकडे लक्ष असू द्या. तबकडी ७४ला मुद्रित असेल आणि ७८ला वाजवली तर सगळं गाणं जवळजवळ अर्ध्या स्वरानं वर चढतं, आवाज बारीक होतो. मात्र नुसत्या स्वरलिपीत छापलेल्या पट्टीवरून (सुराच्या उंचीवरून) वेग ठरवू नका, गायक स्वतःच्या गळ्यानुसार पट्टी बदलून घेत.