‘पोल्टरगाइस्ट’ला ‘भानामती’ म्हणावे का?

प्रश्नकर्ता, सातारा: इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातल्या एपवर्थ या लहानशा गावी पाद्री सॅम्युअल वेस्ली यांच्या घरात डिसेंबर 1716 ते जानेवारी 1717 या काळात जो प्रकार घडला, त्यावरील एक लेख मी मराठीत आणत आहे. घरात कण्हण्याचे आवाज येत, भिंतींवर थापा पडत, आणि एका रात्री पतिपत्नी जिना उतरत असता पायाशी नाण्यांची थैली रिती झाल्यासारखा खणखणाट झाला. मूळ लेखातील ‘पोल्टरगाइस्ट’साठी मी ‘भानामती’ हा शब्द योजला होता. संपादकांनी तो खोडून ‘नादपिशाच्च’ असे केले आहे. कोणता शब्द ठेवावा?

वाचक, वाई: मूळ जर्मन शब्दात ‘पोल्टर्न’ म्हणजे आदळआपट करणे आणि ‘गाइस्ट’ म्हणजे पिशाच्च, त्यामुळे संपादकांचा शब्द अर्थाने चुकलेला नाही. मात्र मराठी कानाला त्यातून ‘कसला तरी नाद लागलेले पिशाच्च’ असेच ऐकू येईल. मराठी विश्वकोश ज्या गावात घडला, तेथे राहत असूनही मी सांगतो, की असे घडवलेले शब्द कागदावरच राहतात. घरात उतरंड कोसळल्यासारखा आवाज झाला, तर कोणी ‘नादपिशाच्च आले’ म्हणून ओरडणार नाही.

वाचक, जत: आमच्या सीमाभागात कानडीच्या शेजारामुळे ‘बाणामती’ असा उच्चार सर्रास ऐकू येतो. दुरून बाण मारावा तशी बाधा पाठवली जाते म्हणून बाणामती, अशी व्युत्पत्ती माझे आजोबा सांगत असत आणि मला ती पटते.

वाचक, वाई: आजोबांविषयी आदर राखून म्हणतो, ही व्युत्पत्ती रचलेली दिसते. हिंदीत ‘भानुमती का पिटारा’ आहे, बंगालीतही जादूच्या खेळाला भानुमतीचेच नाव आहे. तेव्हा मूळ तिकडे शोधावे.

वाचिका, दहिवडी: उच्चाराचा वाद बाजूला ठेवून एक सांगते. माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या एका घराच्या कौलांवर रात्री दगड पडू लागले. ‘भानामती झाली’ असे कोणी म्हणताच पुढचा प्रश्न ‘केली कोणी?’ हाच आला, आणि बोट एका विधवा शेजारणीकडे गेले. दगड पुढे आपोआप थांबले, पण त्या बाईंकडचे, हळदीकुंकवापुरते आधीच तुटलेले, जाणेयेणे पूर्णच बंद झाले. भानामती ही कोणीतरी कोणावर केलेली असते, पोल्टरगाइस्ट मात्र स्वतःच घरात शिरते. ‘भानामती’ लिहिलेत, तर एपवर्थमधील कोणावर तरी आळ घातल्यासारखे होईल.

प्रश्नकर्ता, सातारा: ताई, आपला मुद्दा मोलाचा आहे, अडचण एवढीच, की तो आळ तेथेही होता. वेस्ली यांनी गावातील जाणत्या-भगतांकडे जाण्याविरुद्ध काही रविवार प्रवचने दिली होती आणि त्यामुळे हा चेटुकाचाच प्रकार असावा, असा तर्क त्यांच्या मुलीने पत्रात केला आहे. शिवाय प्रार्थनेत राजा जॉर्जचे नाव आले की थापा वाढत. म्हणजे त्या भुताला राजकीय मतही होते!

वाचक, सांगली: मग ‘चेटूक’ घ्या. संस्कृत ‘चेटक’ म्हणजे सेवक. सेवकासारखे राबवून घेतलेले भूत ते चेटूक. शुद्ध, जुना आणि आपला शब्द हाताशी असता जर्मन शब्द देवनागरीत लिहिण्यात कसले भूषण?

वाचक, वाई: ‘शुद्ध’ म्हणजे काय, हे एकदा ठरवा. आमच्याकडे कोणी चेटूकही म्हणत नाही, ‘करणी’ म्हणतात. आणि त्या कुटुंबाला तरी ‘पोल्टरगाइस्ट’ हा शब्द कोठे ठाऊक होता? इंग्रजीत तो रुळला एकोणिसाव्या शतकात. मुलींनी त्याचे नाव ‘म्हातारा जेफ्री’ ठेवले होते.

वाचिका, दहिवडी: हेच मला भावले. आमच्याकडेही पिंपळावरच्या मुंजाला कोणी सामान्यनाम विचारत नाही, त्याचे घरगुती नावच चालते.

वाचक, जत: ‘जेफ्रीबुवा’ केले तर? बाणामतीविषयी मात्र माझे मत कायम आहे.

प्रश्नकर्ता, सातारा: तूर्त ‘पोल्टरगाइस्ट’ तसाच ठेवून पहिल्या परिच्छेदात ‘आदळआपट करणारे भूत’ असा खुलासा देतो आणि पुढे ‘जेफ्री’ एवढेच लिहितो. परंतु क्रियापदाशी गाठ पडल्यावर नवीच अडचण उभी राहिली आहे: ‘तो’ पोल्टरगाइस्ट की ‘ते’?

वाचक, सांगली: भूत नपुंसकलिंगी आहे, तेव्हा ‘ते’.

वाचक, वाई: जर्मनमध्ये ‘गाइस्ट’ पुल्लिंगी आहे आणि आपला समंधही ‘तो’च असतो.