जुने चेलो कापून लहान केले, बरं केलं की वाट लावली?

सूरपारंबी:
चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ, बसून पायांत धरून वाजवतात तो. त्यातला आंद्रेआ अमाती या कारागिराचा 'किंग' चेलो माहितीये का? इटलीत क्रेमोनात १६व्या शतकाच्या मध्यात बनला, नंतर फ्रान्सच्या राजासाठी, नवव्या चार्ल्ससाठी, त्याच्यावर सोनेरी चित्रं काढली. आणि १८०१च्या सुमारास कोणीतरी करवत घेऊन तो चक्क लहान केला! चेलोच्या पाठीवर रंगवलेली न्यायदेवता बघा, मधला तुकडाच उडवल्यामुळे बाईंना कंबरच नाही. आजीची पैठणी कापून कुर्ता शिवावा तसला प्रकार. माझ्या मते शुद्ध नासधूस.

खुंटीपिळ्या:
नासधूस कसली, वाजवायलाच केलेला ना तो? आधी नुसती जनावराच्या आतड्याची तार असायची, खर्ज हवा तर तार लांब घ्या नाहीतर दोरखंडाएवढी जाड, म्हणून चेलो अगडबंब. १६६०च्या आसपास इटलीत बोलोन्यात आतड्यावर धातूची तार गुंडाळायला लागले आणि मग लहान चेलोतही खर्ज भरीव निघायला लागला. खुद्द स्ट्राडिवारीने, क्रेमोनाच्याच त्या नामांकित कारागिराने, १७०७च्या सुमारास धडाचं माप ७५-७६ सेंमीवर आणलं, आता बोला.

सूरपारंबी:
त्याने नवे लहान बनवले हो, जुन्यावर करवत नाही चालवली! आणि सर्व्हे नावाच्या वादकाचं काय? १९व्या शतकातला हा बेल्जियन, स्ट्राडिवारीचा १७०१चा मोठा चेलो न कापता खाली स्पाइक (तळाला लावलेला खिळ्यासारखा दांडा) टेकवून वाजवायचा. तो चेलो आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, डच चेलोवादक बिल्स्मांनी १९९२मध्ये त्याच्यावर बाखचे चेलो सूट (एकट्या चेलोसाठीच्या रचना) रेकॉर्ड केलेत. म्हणजे वाजतो की.

करंगळी_दुखते:
सर्व्हे आणि बिल्स्मांचं सोडा, आमच्यासारख्यांचं बघा. तीन वर्षं शिकतोय, आजच्या साइजच्या चेलोवर. खालच्या पोझिशनला तर्जनी सा वर ठेवली तर करंगळी पोचते जेमतेम कोमल ग पर्यंत, व्हायोलिनवाला तेवढ्याच चार बोटांत आरामात म गाठतो. त्यात अजून चार सेंमी वाढवा म्हणे! पूर्वी नुसता बेस धरायचा होता तेव्हा चालून गेलं असेल, सोलो वाजवायला लागल्यावर लोकांनी करवत काढली तर मला तरी नवल वाटत नाही. चूक की बरोबर ते तुम्ही ठरवा, माझा हात आखडलाय.

खुंटीपिळ्या:
+१. आणि जुन्या स्ट्राडिवारी व्हायोलिनांच्या माना पण जवळपास सगळ्या बदललेल्यात, तिथे कोणी गळा काढत नाही.

सूरपारंबी:
मान नवीन बसवता येते हो. कंबर कुठून आणणार?