मदत हवी आहे: पिल्लाचा दुसरा डोस लांबलाय, आणि याच घरात आधी पार्व्हो होऊन गेलाय

आमच्या चिंगीला आज अकरा आठवडे पूर्ण झाले. सातव्या आठवड्यात पहिली लस झाली, पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांवरची एकत्र असते ती. दुसरी दहाव्या आठवड्यात द्यायची होती, पण नेमके त्याच सकाळी जुलाब लागले. ताप नव्हता, तरी पोट ठीक झाल्याशिवाय टोचायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. शी तपासली तर जंत निघाले. औषधाने आता शी बांधून होते, खाणं-खेळणं व्यवस्थित आहे.

एवढ्यावर मी घाबरले नसते. पण आठ महिन्यांपूर्वी याच घरात आमचा बंड्या पार्व्होने गेला, नऊ आठवड्यांचा होता. आदल्या रात्री जेवला नाही, सकाळी उलट्या, संध्याकाळी रक्ताची शी. तो वास अजून नाकातून जात नाही. चार दिवस सलाईनवर होता. त्यालाही सहाव्या आठवड्यात पहिली लस दिलेली होती, आणि हेच मला अजून पचत नाही.

तर मला विचारायचंय:
दुसरा डोस लांबला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?
लस देऊनही बंड्याला पार्व्हो का झाला?
घर तेव्हा फिनाईलने तीनदा पुसलं होतं, अंथरुणं जाळली. तेवढं पुरेसं आहे का? मागच्या अंगणात तो शी करायचा, ती जागा तशीच आहे.

उत्तर

बंड्याबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, कारण बाकीचं त्यातूनच कळेल.

पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळतात. ती सुरुवातीला त्याला वाचवतात, पण लसही निकामी करतात. ती कधी संपतील ते प्रत्येक पिल्लात वेगळं, एकाच वेतातल्या भावंडांतसुद्धा. मध्ये असे काही दिवस येतात की ती लस लागू देत नाहीत, आणि खरा विषाणू आला तर त्याला अडवायलाही पुरत नाहीत. बंड्या बहुधा त्याच दिवसांत सापडला. तुमची चूक नव्हती.

म्हणूनच दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत जातात आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर देतात. माझ्या मते हा शेवटचा डोस सगळ्यांत मोलाचा, आणि लोक नेमका तोच सोडतात. चिंगीच्या दोन डोसांत साधारण चार आठवड्यांचं अंतर पडतंय, त्यामुळे नव्याने सुरुवात करायची गरज नाही. फक्त आता आणखी लांबवू नका.

घराबद्दल: फिनाईलवर भिस्त ठेवू नका, पार्व्हो त्याला सहज दाद देत नाही. हाताला लावायच्या सॅनिटायझरलाही नाही. ब्लीच चालतं. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. आधी साबणाने घासून मळ काढायचा, कारण घाणीवर ब्लीचचा जोर ओसरतो. मग पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्यायचा. पिल्लू तोवर दुसऱ्या खोलीत. आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

अंगणाचं मात्र अवघड आहे. मातीत ब्लीचचा उपयोग नाही, आणि सावलीतल्या ओल्या मातीत विषाणू वर्षभरही तग धरू शकतो. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत तिला तिथे अजिबात सोडू नका. चपला बाहेरच काढा.

आणखी एक उत्तर

वरच्या उत्तराला पूर्ण सहमत. फक्त एक, भीतीपोटी तिला खोलीत कोंडून ठेवू नका. पिल्लाचा धीटपणा घडायचा काळ साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचाच असतो. कडेवर घेऊन फिरवा, गाड्यांचे आवाज, अनोळखी माणसं दिसू देत. पाय जमिनीला लागले नाहीत म्हणजे झालं.

बारा आठवडे झाले की रेबीजचं डॉक्टरांना विचारा. लक्षणं दिसल्यावर त्या रोगावर इलाज नाही, कुत्र्याला नाही आणि माणसालाही नाही. वर्षाने त्याचा बूस्टर असतो, तोही चुकवू नका.

धागाकर्तीकडून

दोघांचे मनापासून आभार. "तुमची चूक नव्हती" हे वाचून खूप रडले.

आज दुसरा डोस झाला. अर्धा तास दवाखान्यातच थांबलो. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या किंवा उलट्या झाल्या तर लगेच परत आणा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तसं काही नाही, नुसती सुस्तावली आहे, आणि दोन दिवस तशी राहू शकते म्हणाले. त्यांनी बाटलीवरचं लेबल सोलून पुस्तिकेत चिकटवलं. बंड्याच्या पुस्तिकेत एकच लेबल आहे, हिच्यात आता दोन झाली. पुढचं तीन आठवड्यांनी, आणि त्यानंतरचं सोळा आठवडे उलटल्यावर. अंगणाकडच्या दाराला आजच फळी ठोकून घेतली.