आधी पेस्टचं तापमान बघा

अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीतले कार्बनचे अ‍ॅनोड बनवताना कोकचे दाणे आणि पिच (त्यांना बांधणारा डांबरी पदार्थ) यांची गरम पेस्ट साच्यात कंपनाने दाबतात. बेकिंगआधीच्या, म्हणजे भाजण्याआधीच्या अशा ठोकळ्याची (ग्रीन अ‍ॅनोडची) घनता कमी आली तर साचा व्हायब्रेटरवर आणखी अर्धा मिनिट ठेवा, असं या चर्चेत आधी कुणीतरी सुचवलंय. ते अर्धंच खरं आहे. सुरुवातीला घनता भराभर वाढते, कारण कोकचे दाणे सरकून एकमेकांमधल्या पोकळ्यांत बसतात. पण दाण्याला दाणा टेकला की पुढचं कंपन दाणेच फोडायला लागतं. फुटलेला पृष्ठभाग कोरडा, त्याला पिच लागलेलंच नसतं. बेकिंगनंतर ती जागा कच्ची राहते.

तापमानाबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. दाणे सरकतात ते पिचच्या वंगणावर. पिच ११० अंशांच्या आसपास मऊ होतं, पण पुरेसं पातळ व्हायला पेस्ट त्याच्या बरीच वर, १५० च्या घरात लागते. आमच्याकडे एका रात्रपाळीत ठोकळ्यांच्या कोपऱ्यांच्या खपल्या निघायला लागल्या. सगळे पिचचं प्रमाण वाढवायच्या मागे. मी साच्यातल्या पेस्टमध्ये तापमापक खुपसला, तर मध्यभागी ठीक आणि कडेला वीसेक अंश कमी! लाइन दोन तास बंद होती, साच्याच्या भिंती गार पडल्या होत्या. भिंती तापवल्या आणि कोपरे धरायला लागले, पिच तेवढंच ठेवून. उलट बाजूने पेस्ट फार गरम असेल तर कंपनाच्या वेळी पेस्टवर ठेवलेलं वजन उचलताच ठोकळा किंचित फुगतो आणि आत आडव्या भेगा पडतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, म्हणून मला त्यांची जास्त भीती वाटते.