‘क्लेझमर’: वाद्य, वाजवणारा की संगीत?

विचारणा

माझी भाची मॉन्ट्रियलला असते आणि व्हायोलिन वाजवते. ऑगस्टच्या अखेरीस ती क्लेझकॅनडा या आठवडाभराच्या निवासी शिबिराला जाऊन आली. मॉन्ट्रियलच्या उत्तरेला लॉरेन्शियन डोंगरांत, मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी बांधलेल्या जागेत, १९९६ पासून ते भरत आले आहे; वादन, गायन, नृत्य आणि यिद्दिश भाषा यांचे वर्ग दिवसभर चालतात व रात्री मैफली होतात. तिने सांगितलेल्या हकिकतीवरून मी मराठी वाचकांसाठी लेख लिहीत आहे. तिच्या बोलण्यात ‘क्लेझमर’ कधी संगीत असते, तर कधी माणूस. यांपैकी मूळ अर्थ कोणता, आणि त्यासाठी मराठीत शब्द आहे का? शिवाय ‘निगुन’ आणि ‘क्रेख्त्स’ यांना काय म्हणावे? लेखाला ‘ज्यू संगीताचे शिबिर’ असे शीर्षक चालेल का?

प्रतिसाद १

मूळ अर्थ या दोन्हींपैकी एकही नाही. हिब्रूतील ‘कले झेमर’ म्हणजे गाण्याची साधने, अर्थात वाद्ये. पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिद्दिशमध्ये हे दोन शब्द जुळून ‘क्लेझमर’ झाले आणि वाद्यावरून वाद्य वाजवणाऱ्यावर आले. क्लेझमर हा लग्नात वाजवणारा व्यावसायिक असे. हा धंदा बहुधा बापाकडून मुलाकडे जाई; व्हायोलिन, त्सिंबल नावाचे तारांवर काठ्या मारून वाजवायचे वाद्य आणि मागे खर्जाचे तंतुवाद्य असा ताफा असे, आणि क्लॅरिनेट पुढे आले ते नंतर. संगीताच्या एका प्रकाराचे नाव म्हणून ‘क्लेझमर’ रूढ झाले ते १९७० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील तरुण वादकांनी जुन्या ध्वनिमुद्रिका शोधून ते वादन पुन्हा सुरू केले तेव्हा. मोइसेई बेरेगोव्स्की या कीव्हमधील संगीतसंशोधकाने १९३० च्या दशकात हा शब्द संगीताला जोडून वापरला होता, पण लोकांच्या तोंडी तो तेव्हा नव्हता. ते वादकाला ‘क्लेझमर’ म्हणत आणि तो जे वाजवी त्याला बुल्गर, फ्रेलेख्स, शेर, दोइना अशी त्या त्या नाचाची वा चालीची नावे असत.

मराठीत यासाठी ‘वाजंत्री’ हा शब्द आहे आणि तो सर्व बाजूंनी बसतो, असे माझे मत आहे. वाजंत्र म्हणजे वाद्य आणि वाजंत्री म्हणजे ते वाजवणारा. पण ‘वाजंत्री वाजू लागली’ असे आपण म्हणतो तेव्हा वाद्यांचा एकत्रित नाद अभिप्रेत असतो. म्हणजे वाद्य, माणूस आणि नाद ही तिन्ही टोके मराठीनेही एकाच शब्दात बांधली आहेत, आणि दोन्हीकडे प्रसंग लग्नाचाच आहे.

प्रतिसाद २

शीर्षक बदलावे. मराठी वाचकाला ‘ज्यू’ म्हटले की प्रथम आठवतात ते कोकणातील बेने इस्राएल. त्यांची मातृभाषा मराठी आहे आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधील कथांवर मराठीतून कीर्तने रचली. यिद्दिशशी त्यांचा परंपरेने काही संबंध नाही. यिद्दिश ही मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंची, जर्मन वळणाच्या पायावर हिब्रू-अरामी आणि स्लाव्ह शब्द घेऊन उभी राहिलेली, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती एक कोटीहून अधिक लोक बोलत होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्य याच भाषेचे होते. शिबिरात गाण्याबरोबर भाषेचेही वर्ग का लागतात, याचे कारण इथे आहे: भाषेचे हेल कानावर नसतील, तर गाण्याचे शब्द आणि वादनातील ठेका दोन्ही उपरे वाटतात. अडचण एवढीच की खुद्द यिद्दिशमध्ये ‘यिडिश’ या शब्दाचा अर्थ ‘यिद्दिश भाषा’ असाही होतो आणि ‘ज्यू’ असाही. मराठीत मात्र हा भेद पाळता येतो, तेव्हा ‘यिद्दिश संगीत व संस्कृती शिबिर’ असे लिहावे.

विचारणाकर्त्याकडून

शीर्षकाची सूचना मान्य आहे. ‘वाजंत्री’विषयी मात्र शंका आहे. या शब्दाला आपल्याकडे हलकेपणाचा वास आहे आणि शिबिरातील शिक्षक तर जगभर मैफली करणारे कलावंत आहेत. त्यांना वाजंत्री म्हणणे अवमानकारक ठरणार नाही का?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

तो वास मूळ शब्दालाही होता. अमेरिकेत स्थिरावलेल्या वादकांच्या पिढीत एखाद्याला ‘क्लेझमर’ म्हणणे म्हणजे स्वरलिपी न वाचता येणारा, लग्नाकार्यातला वाजवय्या म्हणून त्याला हिणवणे होते. नंतरच्या पिढीने तोच शब्द अभिमानाने धारण केला. आपल्या लेखात जुन्या काळासाठी ‘वाजंत्री’ आणि आजच्या कलावंतांसाठी ‘क्लेझमर वादक’ असे लिहिल्यास हा बदलही वाचकाला दिसेल.

प्रतिसाद ३

उरलेल्या दोन शब्दांविषयी. ‘निगुन’ वाचून आपल्याला ‘निर्गुण’ आठवते आणि अर्थानेही ते जवळचे वाटते, पण हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. हिब्रू धातूचा अर्थ वाद्य वाजवणे असा आहे. हसिदी, म्हणजे भक्तिमार्गी पंथाच्या, ज्यूंमध्ये निगुन म्हणजे बहुधा शब्दांवाचून, ‘बिम-बम’ किंवा ‘याय-दाय’ अशा अक्षरांवर अनेकांनी मिळून पुन्हा पुन्हा गायची धून. तराणा म्हणू नये, कारण तराण्यात लयीची करामत आणि गायकाची तयारी दाखवायची असते. निगुन कोणीही गावा असा असतो. ‘शब्दावाचूनची धून’ असे एकदा सांगून पुढे मूळ शब्दच ठेवावा.

‘क्रेख्त्स’चा शब्दार्थ कण्हणे. व्हायोलिनवर किंवा क्लॅरिनेटवर सूर सोडताना तो क्षणभर घशात अडकल्यासारखा तोडतात, त्याला हे नाव आहे. ‘हुंदका’ हा शब्द सुचतो खरा, पण हुंदका रडण्याशी बांधलेला आहे आणि क्रेख्त्स आनंदाच्या नाचगाण्यातही येतो. ‘खटका’ म्हटले तर आपल्या संगीतातील भलताच अलंकार डोळ्यांपुढे येतो. मी ‘कण्ह’ असे नाम वापरीन. उच्चाराबाबत मराठी भाग्यवान आहे: ‘क्लेझमर’मधील झ हा ‘झाड’मधला आणि ‘क्रेख्त्स’चा शेवट ‘चमचा’मधल्या च सारखा. हिंदीप्रमाणे नुक्ता द्यावा लागत नाही.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून

लिंगाचा प्रश्न राहिला. माणूस अभिप्रेत असेल तर ‘क्लेझमर आला’, अनेक असतील तर ‘क्लेझमर आले’. यिद्दिशमधील ‘क्लेझमोरिम’ हे अनेकवचन मराठीत आणण्याची गरज नाही. संगीत अभिप्रेत असेल तेव्हा ‘क्लेझमर ऐकले’ असे नपुंसकलिंगी लिहावे.