सायनसमध्ये गेलेला इम्प्लांट: त्याच छिद्रातून काढावा, बाजूने की नाकातून?

दाढदुरुस्ती
वरची उजवी पहिली दाढ, सायनसच्या (गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीच्या) खाली शिल्लक हाड 4 मिमी, भुसभुशीत. क्रेस्टल सायनस लिफ्टसोबतच (इम्प्लांटच्याच छिद्रातून सायनसचा तळ वर उचलून) 4.2 × 10 मिमीचा इम्प्लांट (कृत्रिम दाताचा टायटॅनियमचा स्क्रू) बसवला. वरचं झाकण, म्हणजे कव्हर स्क्रू, आवळताना तो आत सरकला. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) सायनसच्या तळाशी आडवा दिसतो. टाके घालून बंद केलं आहे. दुखणं नाही, नाकातून रक्त नाही. त्याच छिद्रातून प्रयत्न करावा का? किती दिवस थांबता येईल? आणि रुग्णाला घरी पाठवताना काय सांगायचं?

मुखशल्य
आधी घरच्या सूचना, कारण पहिले दोन आठवडे त्याच महत्त्वाच्या. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. स्ट्रॉ, बिडी-सिगारेट, फुगे, शंख बंद. कपालभाती, भस्त्रिका आणि जलनेतीबद्दल मुद्दाम विचारा; आपल्याकडे अनेकजण ते रोज करतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट 625 मिग्रॅ दिवसातून 3 वेळा, 7 दिवस. झायलोमेटाझोलिन 0.1% थेंब जास्तीत जास्त 5 दिवस, बीपी बघून.

छिद्रातून काढायचं म्हणाल तर इम्प्लांट छिद्राच्या तोंडाशीच डोळ्यांना दिसत असेल, त्याच बैठकीत, बारीक सक्शन लावून एकदाच प्रयत्न ठीक. आता टाके घातलेत, तर परत उघडू नका. चिमटा घालून चाचपलं की तो आणखी मागे ढकलला जातो, आणि छिद्र मोठं केलं की पुढच्या इम्प्लांटचं उरलंसुरलं हाड जातं, वर तोंड-सायनस भगदाड पदरात पडतं. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, तोही नाद सोडा.

बाजूची खिडकी, म्हणजे सायनसच्या गालाकडच्या भिंतीत कापलेली वाट, सगळ्यात भरवशाची. सुळ्यापासून मागे फ्लॅप (हिरडीची झडप) उचला, वर इन्फ्राऑर्बिटल नर्व्ह (डोळ्याखालची नस) सांभाळून. खिडकी साधारण 10 ते 12 मिमी, कारण 10 मिमीचा इम्प्लांट आडवा आला तर लहान खिडकीत अडतो. पिझो (कंपनाने हाड कापणारं यंत्र) असेल तर हाडाचं झाकण तिरक्या कडांनी कापा, शेवटी ते जागेवर बसवता येतं. बाजूच्या भिंतीतून धमनी जाते, ती सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर) आधी शोधून ठेवा. सलाइनने धुताना सक्शनच्या बाटलीवर गॉज बांधा, नाहीतर इम्प्लांट बाटलीत आणि शोध सायनसमध्ये, असं होतं. घशात पॅक हवाच.

क्षकिरण
एक भर. सीबीसीटी बहुतेक यंत्रांवर बसून किंवा उभं राहून होतो. टेबलावर आडवं झोपवलं की सुटा इम्प्लांट मागच्या भिंतीकडे घरंगळतो. चार दिवसांपूर्वीच्या स्कॅनवर खिडकी आखली आणि तिथे काहीच नाही, याचं कारण हेच. चिरण्याआधी त्याच स्थितीत सी-आर्मने (ऑपरेशन टेबलावरच्या फिरत्या एक्स-रेने) किंवा निदान एका फिल्मने खात्री करा. ओपीजीवरून तो नेमका कुठे, सायनसच्या आतल्या पडद्याखाली अडकलाय की पोकळीत सुटाय, काहीच ठरत नाही. पडद्याखाली असेल तर काम पुष्कळ सोपं.

कान-नाक-घसा
ऑस्टियम (सायनसचं नाकात उघडणारं भोक) बंद दिसला, सायनस धुरकट असला किंवा इम्प्लांट वर ऑस्टियमजवळ पोचला असेल, तर नाकातून दुर्बिणीने काढा. नाकातल्या मधल्या मिएटसमधून (खोबणीतून) ऑस्टियम रुंद केला की इम्प्लांटही निघतो आणि निचऱ्याचा मार्गही मोकळा होतो. बाजूच्या खिडकीतून हे दुसरं काम होत नाही. मात्र तळाशी पुढच्या कोपऱ्यात पडलेला इम्प्लांट 70 अंशाच्या दुर्बिणीला दिसतो, पण वाकडा फोर्सेप्सही तिथे नीट पोचत नाही. तिथे मुखशल्य म्हणतात ते बरोबर.

थांबण्याबद्दल: ही मध्यरात्रीची इमर्जन्सी नाही, पण 'दुखत नाही, राहू द्या' हेही चुकीचं. सायनसचे सूक्ष्म केस चिकट द्राव सतत ऑस्टियमकडे ढकलतात, इम्प्लांटही त्या दिशेने सरकू शकतो. पुढे इथमॉइड, स्फेनॉइड या दुसऱ्या सायनसांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. भोवती बुरशीचा गोळाही वाढतो. काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत काढा. एका बाजूनेच वाहणारं घाण वासाचं नाक किंवा ताप आला तर त्याच दिवशी बघा.

दाढदुरुस्ती
छिद्र 4 मिमीच्या आसपास आहे. टाके पुरतील की फ्लॅप फिरवून झाकावं?

मुखशल्य
2 मिमीपर्यंतचं बहुधा आपोआप भरतं. तुमच्यासारख्या छिद्राला ताण न येता बसवलेला बकल (गालाकडचा) फ्लॅप द्या. आतून पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण) सोडवा, नाहीतर टाके चौथ्या-पाचव्या दिवशी तुटतात. 5 मिमीच्या पुढे बकल फॅट पॅड (गालातली चरबी) ओढून झाका. सायनसमध्ये पू असताना मात्र काहीही बंद केलं तरी ते उघडतं, आधी धुऊन कोरडा करा.

कृत्रिमदंत
इम्प्लांट आत का गेला, त्याकडेही बघा. 4 मिमी मऊ हाडात 10 मिमीचा इम्प्लांट म्हणजे 6 मिमी अधांतरी. शेवटचा ड्रिल पूर्ण व्यासाचा घेतला असेल तर पकड उरतच नाही. टॉर्क (बसवताना लागणारा पिळाचा जोर) 15-20 न्यूटन-सेंमीही येत नसेल तर त्याच दिवशी बसवू नका. ग्राफ्ट (हाडाचा भराव) भरून 6 महिने थांबा. बसवायचाच तर टॅपर्ड (निमुळता) घ्या, ड्रिल एक नंबर कमी ठेवा आणि साध्या कव्हर स्क्रूऐवजी हाडावर टेकेल असा रुंद हीलिंग अबटमेंट (हिरडी भरेपर्यंतची टोपी) लावा. वरून दाब देऊन आवळणं हाच सरकण्याचा क्षण. दुसऱ्या टप्प्यात हिरडी उघडतानाही हाडाशी न जुळलेला इम्प्लांट असाच आत जातो. या रुग्णात काढल्यानंतर 4 ते 6 महिन्यांनी नवा सीबीसीटी घ्या. पडदा सुजलेला नसेल तरच बाजूच्या खिडकीने पुन्हा लिफ्ट.